नोंदणी नसलेला आवाज

त्या सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं, शेगडीभर झालं, आणि सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "असू दे गं, होतं असं."

मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. अकरा वर्षं मी या घरात दूध उतू घालवते आहे, आणि अकरा वर्षांत 'असू दे' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्या घशात गाठ आहे, ती स्वरयंत्रासकट काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला नऊ दिवस होते. दवाखान्यात आईंनी अवाक्षर काढलं नव्हतं, घरी येऊन नीट जेवल्या, झोपल्याही. मला वाटलं, बाई खंबीर आहे. ते 'असू दे' ऐकलं आणि कळलं, बाई घाबरली आहे.

आता आमच्या आईंचा आवाज म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. बँकेला फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा, आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे' असं ऐकून तुम्ही कधी दातओठ खाल्ले असतील, तर ते आमच्या आईंवर खाल्लेत. बत्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. लिफ्टमध्ये त्या, विमानतळावर त्या, संग्रहालयात कानाला लावायच्या यंत्रातही त्याच. माइकसमोर बसायच्या आधी हातातलं घड्याळ काढायचं, कानातलं काढायचं, पावलं जमिनीला टेकवायची, ओठ ओले करायचे आणि गालातल्या गालात हसत बोलायचं. असं केलं की आवाजातही हसू येतं म्हणे. काय तो आवाज! साय लावल्यासारखा.

तो आवाज घरी कधी यायचा नाही. घरचा आवाज वेगळा. वरच्या पट्टीतला, घाईचा, वाक्याच्या शेवटी 'कळलं का' असा फटका देणारा. माझ्या वाट्याला कायम हाच आला.

आणि बाबांच्याही. माझे सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. तेव्हापासून घर त्यांनी कानांवर पेललंय. दर थोड्या वेळाने ते खुर्चीतून विचारतात, "आहेस का?" आणि आई जिथे असतील तिथून वैतागून ओरडतात, "कुठे जाणार आहे मी?" दिवसातून वीसदा तरी. पाहुण्यांना वाटतं, भांडतायत. तसं नसतं ते. बाबांना तेवढ्यावरून कळतं की ती न्हाणीत आहे की गच्चीत आहे, दमली आहे की रागावली आहे. आईंचा आवाज गेला म्हणजे बाबांच्या लेखी आईच घरातून जाणार होत्या. हे आम्ही कोणी तोंडाने म्हणालो नाही, पण त्या नऊ दिवसांत दुसरं काही डोक्यात नव्हतं.

दवाखान्यातल्या वाचा-उपचार करणाऱ्या मुलीने एक वाट दाखवली. परदेशात एक संस्था आहे, आवाज जाणार असलेल्या माणसांचा आवाज आधीच साठवून ठेवते. चाळीस मिनिटं बोलून द्यायचं, मग टॅबलेटवर टाइप केलं की यंत्र तुमच्याच आवाजात बोलतं. गाठ स्वरयंत्राच्या खालच्या अंगाला असल्याने आवाज अजून शाबूत होता. "पण उशीर करू नका," ती म्हणाली.

आम्ही त्याच दिवशी बसलो. नवऱ्याने माइक आणला, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. आईंनी घड्याळ काढलं, कानातलं काढलं, आणि चाळीस मिनिटं एका दमात वाचलं. एक शब्द अडला नाही. शेवटी पडद्यावर आलेलं संमतीचं वाक्यही झकास म्हटलं. नवऱ्याने बटण दाबलं. मिनिटभर चक्र फिरलं आणि उत्तर आलं.

'हा आवाज नोंदणीकृत आहे. जुळणी शहाण्णव टक्के. हक्कधारकाच्या परवानगीशिवाय स्वीकारता येणार नाही. उरलेले प्रयत्न: दोन. त्यानंतर खाते नव्वद दिवसांसाठी बंद होईल.'

"म्हणजे काय?" आईंनी विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलून उगाचच आत गेले. मला माहीत होतं म्हणजे काय.

मी एका वकीलबाईंच्या ऑफिसात करार तपासते. कायदा मी शिकलेली नाही. कलमांचे क्रमांक, तारखा, नावं, सुटलेले शब्द, एवढंच माझं काम. नऊ वर्षांपूर्वी आईंकडे एका स्टुडिओचा करार आला, त्यांच्या सगळ्या जुन्या रेकॉर्डिंगचा. घरात मी नवीन, कामावरही नवीन. मोठ्या ऐटीत म्हटलं, आणा इकडे, मी बघते. चौदा पानं होती. सहाव्या पानावर लिहिलं होतं, की हे हक्क 'आज अस्तित्वात असलेल्या व पुढे निर्माण होणाऱ्या सर्व तंत्रांनी, संपूर्ण विश्वात, कायमचे' दिले जात आहेत. त्या वाक्यात एक शब्द दोनदा पडला होता. मी तो लाल पेनने खोडला, कराराची पानं जुळवली आणि म्हणाले, "करा सही आई, स्वच्छ आहे."

आमच्या धंद्यात टंकलेखनाची चूक नसलेल्या कागदाला स्वच्छ म्हणतात. त्यात काय लिहिलंय हे आम्ही बघतच नाही, बघायला लागलो तर चुका निसटतात. त्या बाईने माझ्यावर भरवसा ठेवून सही केली. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी तो करार वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा वर सरकवला.

"रेकॉर्डिंग झालं इथे," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "स्टुडिओने ते विकलं दुसऱ्या देशातल्या कंपनीला. त्या कंपनीने त्यातून यंत्राला हा आवाज शिकवला, आणि तो आवाज नोंदवला तिसऱ्या देशात. भांडण झालं तर कायदा लागणार चौथ्या देशाचा, असं बाराव्या पानावर लिहिलंय."

"पण आवाज आईंचा आहे."

"तेच तर कोणी नीट लिहून ठेवलेलं नाही. पुस्तकाचं ठरलेलं आहे, गाण्याचं ठरलेलं आहे. आवाज ना पुस्तक, ना गाणं. एका देशात तो चेहऱ्यासारखा माणसाचा स्वतःचा. शेजारच्या देशात ती नुसती माहिती, ज्याने गोळा केली त्याची. कंपन्या आवाज नेतात तिथे, जिथे तो कोणाचाच नाही."

"आणि ती नोंदणीची यादी?"

"ती यादी चांगल्यासाठीच केलेली आहे गं. निवेदकांचे, नटांचे आवाज कोणी चोरू नयेत म्हणून. तुझ्या सासूबाईंसारख्यांसाठीच." त्यांनाही ते बोलताना कसंसंच झालं. "यादीत नाव कंपनीचं आहे, इतकंच."

"खटला केला तर जिंकू?"

"बहुतेक जिंकू. दीडेक वर्षात."

"आठ दिवस आहेत बाई."

"मग कायदा बाजूला ठेवू," त्या म्हणाल्या, "आणि हात जोडू." आणि त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला परवानगीसाठी पत्र लिहिलं, डॉक्टरांचा कागद जोडून.

उत्तराची वाट बघण्यात तीन दिवस गेले. जीव टांगणीला लागला होता. चौथ्या दिवशी नवऱ्याचा धीर सुटला. म्हणाला, आई, जरा आवाज बदलून बोल, दुसऱ्या माणसाचा वाटला पाहिजे. आईंनी तोंडासमोर रुमाल धरला, पट्टी खाली आणली, मध्येच खोकल्या. पण माइक समोर आला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची आणि गालात ते हसू यायचं. त्यांनी ते आणलं नव्हतं, ते बत्तीस वर्षांचं होतं. जुळणी ब्याण्णव टक्के. उरलेला प्रयत्न: एक.

"माझं मलाच बदलता येत नाही बघ," आई म्हणाल्या. कोणावर चिडल्या नाहीत. तेच मला सोसत नव्हतं. एरवी या बाईने त्या संस्थेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

पाचव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. अतिशय गोड. आपल्या प्रकृतीबद्दल वाचून वाईट वाटलं, वगैरे. परवानगी देता येत नाही, मात्र आमच्या संग्रहातला 'प्रौढ स्त्री, आश्वासक, क्रमांक तीन' हा आवाज आपल्याला मासिक वर्गणीवर वापरता येईल. अट अशी की तो भांडणासाठी, अपशब्दांसाठी किंवा राजकीय मतांसाठी वापरता येणार नाही, आणि तीस दिवसांची सूचना देऊन तो कधीही काढून घेतला जाईल. सोबत नमुना जोडला होता.

क्रमांक तीन म्हणजे आईच होत्या. स्वतःचा आवाज भाड्याने घ्या, आणि त्यात नवऱ्याशी भांडू नका. रागाने माझे कान तापले. पण हातात दुसरं होतं काय? नवरा म्हणाला, घेऊन टाकू, निदान बाबांना तिचा आवाज तरी राहील. त्याने नमुना लावला.

"नमस्कार. मी तुमच्या सोबत आहे. आपण कसे आहात?"

बाबा खुर्चीत सावरून बसले. "कोण आलंय?"

"कोणी नाही बाबा," नवरा म्हणाला. "आईचा आवाज आहे हा. ऑपरेशननंतर ती यात बोलेल."

बाबांनी मान तिरपी करून पुन्हा एकदा ऐकलं. मग हात झटकला. "छे. ही ती लिफ्टमधली बाई. हिला मी काय विचारू, आहेस का म्हणून? ही सगळीकडेच असते."

नवरा चिडला. "बाबा, आता तुम्ही नखरे करू नका हं." आई उठून आत गेल्या. मी मात्र जागच्या जागी बसून राहिले, कारण बाबांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या यादीत होती ती लिफ्टमधली बाई. घरात ओरडणारी बाई कुठल्याच यादीत नव्हती. ती कधी माइकसमोर बसलीच नव्हती.

मी वकीलबाईंना फोन लावला. घरातला आवाज साठवायला दिला तर चालेल का, विचारलं. "करारात 'कलाकाराने केलेलं सादरीकरण' असं आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "घरात ओरडणं म्हणजे सादरीकरण नव्हे. उद्या कंपनी काय म्हणेल, सांगता येत नाही. पण आज तुला कोणी चोर म्हणणार नाही. कर."

कर म्हणणं सोपं होतं. मी आईंना सगळं समजावलं, छोटा रेकॉर्डर त्यांच्या पदराला अडकवला आणि म्हटलं, आता विसरून जा आणि नेहमीसारख्या बोला. त्यांनी मान डोलावली, पाठ ताठ केली आणि मला म्हणाल्या, "कृपया तो मिठाचा डबा जरा इकडे देतेस का?" विमानतळावर सामान सोडून जाऊ नका म्हणावं तसं.

मग मी त्यांना चिडवायला लागले. ओला टॉवेल पलंगावर टाकला. "असू दे." कात्रीने काथ्याच्या दोऱ्या कापल्या; ती कात्री फक्त कापडाला वापरायची, असा त्यांचा कायदा आहे. "कात्रीच ती, काय होतंय." भरलेल्या डब्यांची झाकणं अदलाबदल केली. त्या शांतपणे नीट लावत बसल्या. रेकॉर्डरचा लाल दिवा चालू, आणि त्या साध्वीसारख्या. मरणाच्या भीतीने माणूस शहाणा होतो म्हणतात, ते मी बघत होते, आणि मला ते अजिबात नको होतं. दवाखान्यात भरती व्हायला दोन दिवस उरले होते.

दुपारी त्या ओट्याशी भांडी पुसत होत्या. माझ्याच्याने राहवलं नाही. रेकॉर्डर, जुळणी, काही डोक्यात नव्हतं. मी म्हणाले, "आई, हे सगळं माझ्यामुळे झालंय."

"काय?"

"तो करार मी वाचला होता. सहाव्या पानावर सरळ लिहिलं होतं. मी त्यातला एक जादा शब्द खोडला आणि तुम्हाला सही करा म्हणाले. मी नऊ वर्षं बोलले नाही. तुमचा आवाज मी घालवला आई, गाठीने नाही."

आणि मी रडायला लागले, भांड्यांच्या रॅकला धरून.

आईंनी हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं.

"नऊ वर्षं? नऊ वर्षं तू हे पोटात घेऊन बसलीस? तरीच. तरीच मी म्हणते, ही पोरगी माझं रेकॉर्डिंग कुठे लागलं की तोंड वाकडं करून खोलीबाहेर का जाते. मला वाटलं, हिला माझा आवाज आवडत नाही. नऊ वर्षं मी तेच धरून बसलेय. अगं, मला काय डोळे नव्हते? मी वाचलं होतं ते वाक्य. संपूर्ण विश्वात म्हणे. मी हसले होते. म्हटलं, चंद्रावर लिफ्ट लावणार असतील तर लावू देत. मला कुठे ठाऊक, यंत्र शिकणार म्हणून? तुला ठाऊक होतं? तुझ्या त्या वकिलीणबाईला ठाऊक होतं? मग? सगळ्या जगाचं ओझं हिनेच घ्यायचं. आणि दूध मात्र बघायचं नाही. अकरा वर्षं सांगतेय, दूध तापत ठेवलं की तिथून हलू नये, कळलं का? आणि ती कात्री. मला दिसलं नाही असं वाटलं तुला? धार गेली तिची. आणि टॉवेल..."

मी त्यांच्या पदराकडे पाहिलं. लाल दिवा चालू होता. घड्याळ मनगटावर होतं, कानातलं कानात होतं.

मी मध्ये एक शब्द बोलले नाही, बोलायची सोयही नव्हती. कात्रीवरून त्या नवऱ्याच्या मोज्यांवर गेल्या, मोज्यांवरून त्याच्या लहानपणावर, तिथून माझ्या बहिणीच्या लग्नात मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं होतं त्यावर. डॉक्टरांना त्यांनी सोडलं नाही. क्रमांक तीन म्हणणाऱ्या कंपनीला तर अशा भाषेत झाडलं की अपशब्दांची अट कशाला घातली ते मला कळलं. मग आवाज जरा उतरला.

"आणि हे बघ. मला बोलता येणार नाही त्याचं मला काही नाही. बत्तीस वर्षं बोलले, पुष्कळ झालं. पण त्यांनी हाक मारली की ओ कोण देणार? अंधारात बसलेला माणूस तो. आहेस का म्हणाला, आणि काहीच आलं नाही, तर त्याला काय वाटेल? तू दे म्हणशील. तुझं त्याला चालणार नाही. तुझं ओ देणं म्हणजे एकदम सरकारी."

सत्तेचाळीस मिनिटं. शेवटी त्या स्टुलावर बसल्या, मला जवळ ओढलं आणि पदराने माझं नाक पुसलं. रेकॉर्डर नाकाला टोचला तेव्हा कुठे त्यांना आठवण झाली.

"चालूच होतं का हे?"

"हो."

"शिव्या पुसून टाका," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भांडी पुसायला लागल्या.

भांड्यांचे आवाज काढायला नवऱ्याला रात्र आणि अर्धा दिवस लागला. तेवढ्यात मी त्या संस्थेचा करार वाचला. बावीस पानं. या वेळी चुका तपासल्या नाहीत, नुसतं काय म्हटलंय ते वाचलं. आवाज दुसऱ्या कोणाला देण्याचं एक कलम सापडलं, वकीलबाईंकरवी ते काढायला लावलं. संस्था भली होती, हो म्हणाली.

भरती व्हायच्या दिवशी चारला दवाखान्यात पोहोचायचं होतं. पिशवी दाराशी भरून ठेवली होती. दोनला आम्ही बैठकीच्या शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलो. बाबा बाहेर त्यांच्या खुर्चीत होते. नवऱ्याने फाईल चढवली. चक्र फिरलं.

'जुळणी चौसष्ट टक्के. मर्यादेच्या आत. कृपया संमतीचे वाक्य थेट माइकवर म्हणा. हा आपला शेवटचा प्रयत्न आहे. वेळ: दोन मिनिटे.'

ते वाक्य आम्ही विसरलोच होतो. पडद्यावर ते मोठ्या अक्षरात आलं आणि खाली सेकंद उलटे पळायला लागले. आईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"आई, घड्याळ घाला," मी म्हणाले.

"टिकटिक येते गं त्याची," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज त्या दुसऱ्या बाईचा होता. कानातलं काढायला हात वर गेला. पावलं जमिनीला टेकली. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "घरच्यासारखं, आई, घरच्यासारखं." त्यांनी मान हलवली, तोंड उघडलं, मिटलं. त्यांनाही कळत होतं की कोणता आवाज येणार आहे. दीड मिनिट उरलं. मग एक. त्यांचे डोळे भरले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. स्वतःचं नाव विसरल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. चाळीस सेकंद.

बाहेरून बाबांनी विचारलं, "आहेस का?"

"कुठे जाणार आहे मी?" आई खेकसल्या. "इथेच बसलेय."

"काय करतेस?"

मी पडद्यावरच्या वाक्याकडे बोट केलं, मग दाराकडे. आईंनी एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं, आणि दाराकडे तोंड करून घर दणाणून सोडलं. "अहो, मी या आवाजाची मालक आहे, आणि हा आवाज मी स्वतःच्या इच्छेने साठवून ठेवायला देत आहे, कोणाचीही जबरदस्ती नाही! ऐकू आलं का?"

"आलं, आलं," बाबा म्हणाले. "ओरडतेस कशाला?"

नवऱ्याने बटण दाबलं तेव्हा सहा सेकंद उरले होते. चक्र फिरत राहिलं. आईंनी माझा हात इतका आवळला की त्यांच्या नखांच्या खुणा संध्याकाळपर्यंत होत्या.

'जुळणी एकसष्ट टक्के. संमती नोंदवली. धन्यवाद.'

आईंनी घड्याळ उचलून मनगटावर बांधलं आणि म्हणाल्या, "चला, उशीर होतोय. पिशवी कोण घेणार? का तीही मीच?" दवाखान्यात जाईपर्यंत त्या पुढे एक क्षणही गप्प बसल्या नाहीत, आणि आम्हीही त्यांना बसू दिलं नाही. बाबांनी तेव्हा नेमकं मुद्दाम विचारलं होतं का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. तेराव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. गळ्याभोवती पट्टी, चेहरा उतरलेला, पायात जोर नाही. बाबांनी हट्टच धरला होता, मी आणायला येणार. ते इतके दिवस घरात जवळजवळ बोललेच नव्हते. विचारायचं कोणाला? मी एका हाताने त्यांना धरलं होतं, नवऱ्याने आईंना. टॅबलेट मी आईंच्या गळ्यात अडकवला होता. नेहमीची वाक्यं मी आदल्या रात्री बटणांवर बसवून ठेवली होती. वरून पहिलं बटण कोणतं, ते सांगायला नको.

लिफ्टमध्ये गर्दी होती. एक चाकाची खुर्ची, दोन नर्स, फुलं घेतलेला एक माणूस. बाबा एका कोपऱ्यात ढकलले गेले, आई दुसऱ्या. दार लागलं.

"चौथा मजला," वरून आवाज आला. "दरवाजे बंद होत आहेत. कृपया सांभाळून उभे राहा."

आईंनी वर बघितलं. आपलाच आवाज, तोही हसरा, आणि खाली आपल्या गळ्यात भोक. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. ती लिफ्ट दवाखान्याची, तो आवाज त्या कंपनीचा, आणि आम्ही सगळे त्याच्या खाली माना घालून उभे.

बाबांनी मान तिरपी केली. "आहेस का?"

"तिसरा मजला," वरून उत्तर आलं.

बाबा थांबले. लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मीच ओ द्यावी, सरकारी तर सरकारी. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू, "अगं, आहेस का?"

आईंचं बोट पहिल्यांदा चुकीच्या जागी लागलं. मग लागलं.

"कुठे जाणार आहे मी?"

लिफ्टमधले सगळे दचकले. फुलंवाल्या माणसाने तर घाबरून वाट करून दिली. वैतागलेला, वरच्या पट्टीतला, माझ्या दूध उतू जाण्याचा आवाज. बाबांचा चेहरा एका क्षणात सैल झाला. त्यांनी माझा हात सोडला, गर्दीतून आवाजाच्या दिशेने नेमका हात पुढे केला, आणि तो आईंच्या खांद्यावर पडला.

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

"तळमजला," वरून ती बाई म्हणाली. बाबांचं तिकडे लक्षही नव्हतं.